गल्ला कोणाचा? अ‍ॅपमधलं पेमेंट, स्टोअरचं कमिशन आणि तुमचा हिशेब



आजचा धडा ज्यांना स्वतःचं अ‍ॅप काढायचं आहे त्यांच्यासाठी. कुणाला स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचण्या विकायच्या असतील, कुणाला तबल्याचे धडे, कुणाला शेतीसल्ल्याची वर्गणी. अ‍ॅप बनवायला किती खर्च येईल, हे सगळे विचारतात. पण ग्राहकाने पैसे दिल्यावर ते आधी कोणाच्या खिशात जातात आणि तुमच्या हातात किती येतात, हे फार थोडे विचारतात. धंदा मात्र तिथेच ठरतो.

प्रश्न असा आहे: अ‍ॅप तुमचं, मेहनत तुमची, ग्राहक तुमचा. मग पैसे कोणत्या मार्गाने घ्यायचे हे तुम्ही ठरवायचं की अ‍ॅप स्टोअरने? या एका प्रश्नावर अमेरिका, युरोप, कोरिया आणि आपल्या भारतातही मोठ्या कायदेशीर लढाया झाल्या. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून इथे सगळं सावकाश मांडतो. वही-पेन जवळ ठेवा. मधे हिशेब आहे.

१. जागेची पावती वेगळी, गल्ला वेगळा

आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. तुम्ही भाजी घेऊन बसलात की बाजाराचा ठेकेदार येतो आणि जागेची पावती फाडतो. ती आपण देतो, कारण जागा त्यांची, झाडलोट त्यांची, आणि गिऱ्हाईकही बाजार भरतो म्हणूनच येतं. यात गैर काही नाही.

आता समजा तो ठेकेदार म्हणाला, "पावती नको. पण तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने पैसे माझ्याच गल्ल्यात टाकायचे. मी माझा वाटा कापून उरलेले तुम्हाला पुढच्या महिन्यात देईन. आणि हो, घरी आलात तर भाजी स्वस्त मिळेल, अशी पाटी लावायची नाही."

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या:

- जागेचं भाडं, म्हणजे स्टोअरचं कमिशन
- गल्ला, म्हणजे पैसे घेण्याची व्यवस्था
- पाटीबंदी, म्हणजे दुसरीकडे स्वस्त मिळतं हे ग्राहकाला सांगायला मनाई

अ‍ॅपमधल्या पेमेंटचं सगळं भांडण या तीन गोष्टींचं आहे. पुढे वाचताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: आत्ता बोलणं भाड्याचं चाललंय, गल्ल्याचं की पाटीचं? एवढं जमलं की निम्मा धडा समजला म्हणून समजा.

२. हा नियम तुम्हाला लागू आहे का?

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून आधी हे पक्कं करू.

तुम्ही अ‍ॅपवरून पैठणी, हापूस, पापड किंवा जेवणाचा डबा विकता, तर स्टोअरच्या गल्ल्याची सक्ती तुम्हाला नाही. प्रत्यक्ष हातात पडणारी वस्तू किंवा प्रत्यक्ष मिळणारी सेवा (टॅक्सी, पार्सल, दुरुस्ती) असेल, तर यूपीआय, कार्ड, रोख असं काहीही घ्या. स्टोअर त्यातलं कमिशन मागत नाही.

सक्ती येते ती डिजिटल मालावर, म्हणजे जो माल अ‍ॅपमध्येच वापरला जातो त्यावर. सराव चाचण्या, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ कोर्स, ऑडिओ गोष्टी, गेममधली नाणी, जाहिराती बंद करायची प्रीमियम योजना, लग्न जुळवणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी.

मधली एक पायरीही आहे. अ‍ॅपलच्या नियमात एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला थेट ऑनलाइन शिकवलं, तर पैसे बाहेरून घेता येतात. तोच शिक्षक एका वेळी अनेकांना शिकवू लागला, की अ‍ॅपलचा गल्ला लागतो. म्हणजे नुसतं "शिकवणी" असं म्हणून भागत नाही. तुमचा माल नेमका कोणत्या रकान्यात बसतो, हे अ‍ॅप बनवायला पैसे देण्याआधीच तपासा.

३. भांडण कुठून सुरू झालं?

अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून ३० टक्के वाटा हा जणू दरच पडून गेला आणि गुगलनेही तोच ठेवला. पुढे टीका वाढली. वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांसाठी अ‍ॅपलने जानेवारी २०२१ पासून १५ टक्क्यांची योजना आणली. गुगलने जुलै २०२१ पासून वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के केले. आपल्यासारख्या छोट्यांना लागू होतो तो हाच १५ टक्क्यांचा दर.

ठिणगी पडली १३ ऑगस्ट २०२० ला. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने अ‍ॅपमध्येच थेट पैसे देण्याचं बटण टाकलं. गेममधली १००० नाणी अ‍ॅपलमार्फत ९.९९ डॉलरला आणि थेट घेतली तर ७.९९ डॉलरला. ग्राहकाला दोन्ही भाव शेजारी-शेजारी दिसले. त्याच दिवशी अ‍ॅपल आणि गुगल दोघांनीही फोर्टनाइट स्टोअरवरून काढून टाकला आणि एपिकने दोघांवरही खटले भरले.

अ‍ॅपलच्या खटल्यात सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपलच्या बाजूने निकाल दिला. पण एक गोष्ट त्यांनी चालू दिली नाही: पाटीबंदी. बाहेर स्वस्त मिळतं हे ग्राहकाला सांगण्यापासून डेव्हलपरला रोखता येणार नाही, असा आदेश झाला.

यानंतर अ‍ॅपलने काय केलं ते बघा, कारण आपला खरा धडा तिथे आहे. जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅपलने बाहेरच्या लिंकला परवानगी दिली, पण त्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर २७ टक्के आकार लावला! पाटी लावा, पण पाटी वाचून जो जाईल त्याच्या खरेदीतले २७ टक्के आम्हाला द्या, असा प्रकार. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आपल्या आदेशाचा भंग असल्याचं ठरवलं.

हीच चाल इतर देशांतही दिसली. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच्याच गल्ल्याची सक्ती करायला स्टोअरना कायद्याने मनाई केली. त्यानंतर तिथे दुसरी पेमेंट पद्धत वापरली तर गुगलने कमिशन फक्त ४ टक्के कमी केलं, आणि अ‍ॅपलने ३० ऐवजी २६ टक्के ठेवलं. नेदरलँड्समध्ये डेटिंग अ‍ॅप्सना हा पर्याय द्यावा म्हणून तिथल्या नियामकाने अ‍ॅपलला आठवड्याला ५० लाख युरो या दराने दंड लावला आणि तो एकूण ५ कोटी युरोपर्यंत गेला. तिथेही अ‍ॅपलने नंतर २७ टक्के आकारले.

थोडक्यात, सगळीकडे गल्ला मोकळा झाला, पण भाडं जवळपास तेवढंच राहिलं.

४. भारतात काय घडलं?

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या पेमेंट धोरणाबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. (त्याच्या पाच दिवस आधी अँड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटींचा दंड झाला होता. ते प्रकरण वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका.) डेव्हलपरना दुसरी पेमेंट व्यवस्था वापरण्यापासून अडवू नका आणि ग्राहकांशी बोलण्यावर बंधनं घालू नका, असं आयोगाने सांगितलं.

२०२३ च्या सुरुवातीला गुगलने भारतात सगळ्या अ‍ॅप्स आणि गेम्सना पर्याय खुला केला. ग्राहकाला दोन बटणं दिसणार, एक गुगलचं आणि एक तुमचं. ग्राहकाने तुमचं बटण निवडलं, तर गुगलचा आकार ४ टक्क्यांनी कमी. म्हणजे १५ चे ११ किंवा ३० चे २६.

काही भारतीय कंपन्यांना हे मान्य नव्हतं. त्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयात त्यांना यश आलं नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम संरक्षण दिलं नाही. मग १ मार्च २०२४ रोजी गुगलने १० कंपन्या आकार भरत नाहीत असं सांगून त्यांची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून हटवायला सुरुवात केली. त्यात भारत मॅट्रिमोनी, नोकरी, ९९ एकर्स, कुकू एफएम आणि आपल्या मुंबईची शादी डॉट कॉम अशी घराघरांत माहीत असलेली नावं होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केली आणि काही दिवसांत अ‍ॅप्स परत आली. त्याच महिन्यात स्पर्धा आयोगाने गुगलच्या नव्या पेमेंट धोरणाच्या चौकशीचे आदेश दिले.

पुढे मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला, आणि त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता विचार करा. ज्यांची अ‍ॅप्स गेली त्यांच्याकडे वकील होते, पैसा होता, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि मंत्र्यांनी बैठक घेतली. उद्या तुमच्या सराव चाचणीच्या अ‍ॅपवर अशी वेळ आली, तर तुमच्यासाठी बैठक कोण घेणार? म्हणून हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा नाही.

५. आता वही काढा

समजा, तुमच्या अ‍ॅपवर सराव चाचण्यांचा संच ३०० रुपयांना आहे आणि वर्षाला १००० विद्यार्थी तो घेतात. एकूण विक्री ३,००,००० रुपये. गेटवेचा आकार २ टक्के धरू. जीएसटी बाजूला ठेवू, म्हणजे आकडे साधे राहतील.

पर्याय अ: पूर्ण व्यवहार स्टोअरच्या गल्ल्यातून
स्टोअरचे १५ टक्के = ४५ रुपये
हातात: २५५ रुपये. हजार जणांचे २,५५,०००.

पर्याय ब: अ‍ॅपमध्येच, पण तुमचा गेटवे
स्टोअरचे ११ टक्के = ३३ रुपये, गेटवेचे ६ रुपये, एकूण ३९
हातात: २६१ रुपये. हजार जणांचे २,६१,०००.

पर्याय क: अ‍ॅपच्या बाहेर, स्वतःच्या वेबसाइटवर
गेटवेचे ६ रुपये
हातात: २९४ रुपये. हजार जणांचे २,९४,०००.

'अ' आणि 'ब' मधला फरक किती? माणशी ६ रुपये. वर्षाचे ६,०००, तेही प्रत्येक ग्राहकाने तुमचंच बटण दाबलं तर. निम्म्यांनी गुगलचं दाबलं की ३,००० उरले. त्यात गेटवे जोडायचं डेव्हलपरचं बिल, "पैसे गेले पण चाचणी उघडली नाही" असे फोन आणि परताव्याची कटकट. सांगा बरं, या स्वातंत्र्याचा खरंच काही फायदा झाला का?

गेटवेचा तुमचा खर्च ४ टक्क्यांवर गेला तर 'ब' मध्ये एक रुपयाही सुटत नाही. छोट्या रकमांवर तर हे सहज होतं. २० रुपयांच्या खरेदीवर ४ टक्के म्हणजे ८० पैसे, आणि तेवढ्यात गेटवे, परतावा आणि हिशेबनीस बसवायचा आहे!

आता 'क' बघा. फरक घसघशीत, ३९,००० रुपयांचा. पण थांबा. ग्राहकाला अ‍ॅपमधून उठवून वेबसाइटवर न्यायचं, तिथे लॉगिन करायला लावायचं, यात काही जण वाटेतच गळतात. किती गळले तर चालतील? २,५५,००० भागिले २९४ करा. उत्तर येतं साधारण ८६८. म्हणजे हजारातले किमान ८६८ जण वेबसाइटवर पोहोचून पैसे भरत असतील तरच 'क' परवडतो. १३२ पेक्षा जास्त गळले, तर स्टोअरचा गल्ला स्वस्त पडला!

हा आकडा तुमच्या किमतीनुसार काढा. स्टोअरचं कमिशन ३० टक्के असेल, तर हातात २१० येतात. मग २,१०,००० भागिले २९४ म्हणजे साधारण ७१५ ग्राहक पुरतात. कमिशन जितकं जास्त, तितकं बाहेर जाणं परवडतं. म्हणूनच लढायला आधी मोठे उतरले.

टक्क्यांच्या पलीकडचे दोन मुद्दे

*पैसे कधी येतात?* गुगल महिन्याभराच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या सुमारास देतं. गेटवेचे पैसे बहुधा दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यात पडतात. भांडवल कमी असलेल्याला हा फरक फार जाणवतो.

*ग्राहक कोणाचा?* स्टोअरच्या गल्ल्यातून विक्री झाली की तुम्हाला ऑर्डर दिसते, पण ग्राहकाचा फोन किंवा ईमेल स्टोअर आपणहून देत नाही. वर्गणी संपली तर तुम्ही त्याला गाठणार कसं? किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक तोंडपाठ असतं, हीच त्याची खरी ठेव. ती ठेव दुसऱ्याच्या वहीत राहू देऊ नका.

६. स्टोअरची बाजूही ऐका

एकच बाजू ऐकून धंद्याचे निर्णय घेऊ नयेत. स्टोअर म्हणतं:

- अ‍ॅप तपासणं, अपडेट पोहोचवणं, फसवी अ‍ॅप्स रोखणं याला खर्च येतो. बहुसंख्य अ‍ॅप्स फुकट आहेत, त्यांच्याकडून हा आकार घेतला जात नाही.
- ग्राहकाचा विश्वास आमच्या गल्ल्यावर आहे. एका बटणात खरेदी, एका जागी परतावा, सगळ्या वर्गण्या एका यादीत, मुलांच्या खरेदीवर पालकांचा लगाम.
- प्रत्येक अ‍ॅपने आपला गल्ला लावला तर फसवणूक वाढेल.

यात तथ्य आहे. तालुक्याच्या गावातला ग्राहक अनोळखी वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकायला कचरतो, हे आपणही पाहतो. पण भारतात यूपीआयने चित्र बरंच बदललं आहे. चहाच्या टपरीवरही कोड स्कॅन करणाऱ्या ग्राहकाला पैसे देण्यासाठी अ‍ॅप स्टोअरचाच आधार लागतो, असं आता म्हणता येत नाही.

७. मग स्वातंत्र्य असावं का?

माझं उत्तर: हो, असावं. पण गल्ला निवडता येणं म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य नाही.

स्टोअरने जागेचं भाडं जरूर घ्यावं. फुकटात कोणी बाजार भरवत नाही. पण भाडं भाड्याच्या नावाने घ्यावं आणि गल्ल्याचा खर्च गल्ल्याच्या नावाने. तुम्ही गल्ला वापरला नाही तर त्याचा खरा खर्च वजा व्हावा. आणि पाटी लावायला कधीच बंदी नसावी, कारण ग्राहकाला भाव कळू न देण्यात ग्राहकाचं भलं कसं?

पुढे कधीही एखादी कंपनी "आता डेव्हलपरना पूर्ण मोकळीक" अशी घोषणा करेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा:

१. दुसरा पर्याय निवडल्यावर माझ्या हातात किती रुपये जास्त येतात?
२. ग्राहकाला दुसरा भाव मी सांगू शकतो का?
३. पर्याय निवडला म्हणून माझं अ‍ॅप मागे ढकललं जाणार नाही ना?

तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर मोकळीक खरी. नाहीतर नुसतंच बटण वाढलं.

८. तुम्ही आज काय करायचं?

न्यायालयाचे निकाल येत राहतील. तुमचा धंदा तोवर थांबणार नाही. म्हणून:

- सुरुवात स्टोअरच्या गल्ल्याने करायला हरकत नाही. पहिल्या शे-दोनशे ग्राहकांत १५ टक्के वाचवण्यापेक्षा माल चालतो का हे कळणं महत्त्वाचं.
- साधी वेबसाइट पहिल्या दिवसापासून ठेवा, तिथेही खरेदी होऊ द्या. बाहेर घेतलेली वर्गणी अ‍ॅपमध्ये लॉगिन करून वापरता येते. नेटफ्लिक्सने २०१८ च्या अखेरीस आयफोनच्या अ‍ॅपमध्ये नव्या ग्राहकांकडून वर्गणी घेणं बंद केलं, ते याच वाटेने.
- पाटी योग्य जागी लावा. अ‍ॅपच्या बाहेर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, ईमेल, क्लासच्या भिंतीवर, वेबसाइटचा भाव मोकळेपणाने सांगा. अ‍ॅपच्या आत काही लिहिण्याआधी स्टोअरचे चालू नियम वाचा.
- ग्राहकाच्या संमतीने त्याचा फोन किंवा ईमेल घ्या. नोंदणीच्या वेळीच, आणि कशासाठी घेताय ते सांगून.
- वर्गणीचे नियम समजून घ्या. स्वतः गल्ला चालवलात की रिझर्व्ह बँकेचे नियम सांभाळायची जबाबदारीही येते. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची ग्राहकाला आगाऊ सूचना जावी लागते, आणि कार्डाचा नंबर तुम्ही साठवून ठेवू शकत नाही. चांगला गेटवे हे काम करतो. तो करतो का, हे करार करण्याआधी विचारा.
- किंमत ठरवताना कमिशन आधी धरा. हातात २५५ हवेत तर ३०० लावा. २५५ लावून नंतर कपाळाला हात लावू नका.
- दर आणि कर तपासत राहा. कमिशनचे दर या पाच-सहा वर्षांत अनेकदा बदललेत. दर तिमाहीला डेव्हलपर खात्यातला चालू दर बघा आणि जीएसटीचं सीएकडून समजून घ्या.

गृहपाठ

एका पानावर तीन रकाने आखा: अ, ब, क. तुमच्या मालाची किंमत टाका, प्रत्येक रकान्यात हातात येणारे रुपये काढा, आणि खाली लिहा: "वेबसाइटवर हजारातले किमान ___ ग्राहक आले पाहिजेत." मग ओळखीच्या दहा जणांना तुमच्या वेबसाइटवरून खरेदी करायला सांगा आणि शेजारी बसून बघा, कोण कुठे अडकतं. दहापैकी नऊ जण पार पडले तर तुमच्याकडे खरा पर्याय आहे. पाचच पार पडले तर कमिशनवर चिडण्याआधी वेबसाइट दुरुस्त करा.

तुमचा आकडा किती आला ते कमेंटमध्ये नक्की लिहा, किंमतीसकट. भेटूया पुढच्या धड्यात!